दुहेरी तावदान

(नभोवाणीवरील भाषण)

आज मला आपणांशी खिडकीच्या एका तावदानाविषयी बोलावयाचे आहे. विषय क्षुल्लक आहे, हे मी प्रारंभीच कबूल करतो. तावदान फुटलेले नव्हते, तडकलेलेही नव्हते. त्याच्या दोन पदरांनी केवळ एकमेकांची साथ सोडली होती. परंतु त्या एका तावदानापायी मला जितके शिकावे लागले तितके शाळेतील बत्तीस वर्षांच्या नोकरीतही क्वचितच शिकावे लागले असेल. म्हणून त्याची हकीकत, आणि तिच्यातून निघणारा व्यवहारोपयोगी भाग, आपल्यापुढे ठेवतो.

घर बरोबर घेऊन हिंडणे ही गोष्ट आम्हा मराठवाड्यातील लोकांस नवीन नाही. धान्य व मीठ बैलांच्या पाठीवर लादून हिंडणारे लमाणांचे तांडे याच भागातून जात असत, आणि आजही आमच्या आसपासच्या वस्त्या तांडा हेच नाव लावतात. मात्र पोटासाठी हिंडणे निराळे आणि हौसेसाठी हिंडणे निराळे. हौसेसाठी फिरते घर बांधण्याची कल्पना इंग्लंडात १८८५ साली मूर्त झाली. गॉर्डन स्टेबल्स नावाच्या आरमारी डॉक्टराने ब्रिस्टलच्या एका कारखान्याकडून 'वाँडरर' नावाची घोड्यांनी ओढावयाची गाडी बनवून घेतली आणि तीत बसून देश पाहिला. पुढे घोड्यांची जागा मोटारीने घेतली. आपल्याकडे २०२१ साली महाराष्ट्र शासनाने कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केल्यावर या गाड्यांचे नाव सामान्य माणसाच्याही कानी पडू लागले.

मी अशी एक जुनी गाडी विकत घेतली ती पर्यटनाच्या हौसेने नव्हे. माझी आई ब्याऐंशी वर्षांची. दोन वर्षांपूर्वी तिचे खुब्याचे हाड मोडले, आणि तेव्हापासून तिला फार वेळ बसवत नाही. आमच्या धर्माबादपासून गोदावरी जवळ आहे. आमच्याकडे तिला गोदावरी कोणी म्हणत नाही, गंगाच म्हणतात. 'गंगेच्या उगमापासून घरापर्यंत एकदा तिच्या काठाने यायचे राहिले,' एवढेच आई अधूनमधून म्हणे. आगगाडीने तिला नेणे अशक्य होते. निजल्या निजल्या नेता येईल आणि निजूनच बाहेर पाहता येईल, असे वाहन हवे होते. या गाडीत खिडकीला लागूनच पलंग होता. ती खिडकी पाहूनच मी गाडी पसंत केली.

गेल्या डिसेंबरात आम्ही त्र्यंबकेश्वरी पोहोचलो. रात्री थंडी कडाक्याची पडली. पहाटे आईने हाक मारली, "उजाडलं का रे? काहीच दिसेना." मी उठून पाहतो तो तावदान दुधासारखे पांढरे. हाताने पुसले, काही फरक नाही. बाहेर जाऊन पुसले, तरी नाही. ओल दोन पदरांच्या मधोमध होती, जेथे कोणाचाच हात पोहोचत नाही. ऊन वर आल्यावर धुके विरळ झाले, परंतु पाण्याचे ओघळ व पांढरट डाग राहिले. पुढे नाशिक झाले, पैठण झाले, नाथसागराच्या भिंतीजवळून गेलो, गंगाखेड झाले, नांदेड झाले. प्रत्येक सकाळी तेच. आई विचारी, "गंगा आली का रे?" आणि मी पुढे बसून तिला सांगत असे की आता पूल आला, आता घाट दिसतो, आता पात्र रुंद झाले. नांदेडच्या अलीकडे तावदानाच्या खालच्या काठाशी बोटाचे नख जाईल एवढी फट दिसली. ज्या कामासाठी गाडी घेतली ते काम मी तोंडाने करीत होतो, याची मला फार लाज वाटली.

आता हे तावदान असते कशाचे, ते पाहू. घरातील खिडकीप्रमाणे ते काचेचे नसते. कॅरव्हॅनच्या बाजूच्या खिडक्या बहुधा अॅक्रिलिक नावाच्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या असतात. जर्मनीत ऑटो रोम यांनी १९३३ साली 'प्लेक्सिग्लास' या नावाने हे प्लॅस्टिक बाजारात आणले, आणि दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांची छते त्याची झाली. ते काचेच्या निम्म्याहूनही कमी वजनाचे असते व उष्णता काचेपेक्षा पुष्कळच कमी वाहून नेते. फिरत्या घराला हे दोन्ही गुण हवेच असतात. या प्लॅस्टिकची आणखी एक हकीकत सांगण्यासारखी आहे. वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या छताचे कपचे घुसले असता डोळा ते निमूटपणे सहन करतो, असे हॅरल्ड रिडले या इंग्रज नेत्रवैद्याच्या ध्यानी आले. आणि १९४९ साली लंडनमध्ये त्याने त्याच पदार्थाचे भिंग करून मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यात बसविले. पुढे जगभर असंख्य लोकांना अशी भिंगे बसविण्यात आली. माझ्या आईच्या उजव्या डोळ्यातील भिंगही त्याच जातीचे आहे. डोळ्यातले भिंग आणि खिडकीचे तावदान एकाच कुळातले. डोळ्यातले काम देत होते, खिडकीतले देत नव्हते.

या तावदानाची रचना साधी असते. बाहेरचा तक्ता सपाट किंवा किंचित वक्र असतो. आतला तक्ता तापवून ताटासारखा घडविलेला असतो, आणि त्या ताटाचा काठ बाहेरच्या तक्त्याला चारी बाजूंनी चिकटविलेला असतो. मध्ये सुमारे दोन सेंटिमीटर हवा कोंडलेली राहते. ही कोंडलेली हवाच खरी रजई होय. ती उन्हाळ्यात ऊन आणि हिवाळ्यात थंडी अडविते. परंतु याच हवेत विघटनाचे बीजही असते.

पहिले कारण प्रसरणाचे. एक मीटर लांबीची काच चाळीस अंशांनी तापली तर ती एक मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी वाढते. तितक्याच लांबीचे अॅक्रिलिक जवळजवळ पावणेतीन मिलिमीटर वाढते. बाहेरचा तक्ता उन्हात तापलेला आणि आतला सावलीत, अशा वेळी एक ताणतो व दुसरा रोखतो. ही ओढाताण चिकटविलेल्या काठावर पडते. आमच्याकडे वैशाखात पारा बेचाळीस-त्रेचाळीस अंशांवर जातो, आणि उन्हात उभ्या केलेल्या गाडीचे तावदान त्याहूनही पुष्कळ तापते. असे रोज, आणि वर्षानुवर्षे.

दुसरे कारण दाबाचे. पंचवीस अंशांवर कोंडलेली हवा पासष्ट अंशांपर्यंत तापली व तिला फुगावयास जागाच मिळाली नाही, तर तिचा दाब सुमारे तेरा टक्क्यांनी वाढतो. एक मीटर लांब व अर्धा मीटर उंच तावदानावर याचा हिशेब केला तर तो भार सातशे किलोच्या आसपास भरतो. तावदान फुगून आपली सुटका करून घेते म्हणूनच ते टिकते. पण प्रत्येक फुगवटा काठाला उचकटू पाहतो. रात्री हवा आकसली की तेच तावदान आत खेचले जाते. दिवसा ढकलणे आणि रात्री ओढणे हा क्रम चालू असता जुने चिकटद्रव्य एखाद्या कोपऱ्यात हार खाते, यात नवल नाही.

फट पडल्यावर दमट हवा आत शिरते. पंचवीस अंशांवरील एक घनमीटर हवा फार तर तेवीस ग्रॅम वाफ धरून ठेवू शकते. दहा अंशांवर तीच हवा साडेनऊ ग्रॅमदेखील धरू शकत नाही. उरलेली वाफ सर्वांत थंड पृष्ठभागावर दव होऊन बसते. आमच्या तावदानातील पोकळी अवघी दहा लिटरांची. म्हणजे तीत फार तर पाव ग्रॅम वाफ, पाण्याचे चार-पाच थेंब. एवढ्या पाण्याने अख्खी गंगा माझ्या आईच्या दृष्टीआड केली होती! येथे एक सांगून ठेवले पाहिजे की अॅक्रिलिक स्वतःही अत्यंत मंद गतीने वाफ जाऊ देते. यामुळे उत्तम स्थितीतील तावदानातही एखाद्या सकाळी किंचित धूसरपणा येऊन आपोआप जातो. तेवढ्यासाठी कोणी हत्यार हाती घेऊ नये. काही तावदानांच्या कोपऱ्यात लहान बूच असते. कोरड्या दिवशी ते काढून ठेवले तरी काम भागते. पण ओघळ दिसू लागले आणि काठ सुटला, तर मात्र रोग खरा.

आगगाडीने प्रवास करणाऱ्यांनी याच रोगाचे दुसरे रूप पाहिले असेल. सिकंदराबादहून मनमाडकडे जाणाऱ्या आमच्या लोहमार्गावर वातानुकूल डबे धावतात. त्यांच्या खिडक्या दुहेरी काचेच्या असतात, आणि एखादी खिडकी आतून कायमची धुरकट झालेली आढळते. अशा काचांच्या मध्ये ओलावा शोषणारे दाणे भरलेली धातूची पोकळ पट्टी घालतात व कडा रबरासारख्या लेपाने बंद करतात. लेप थकला की दाणे ओलाव्याने तृप्त होतात, आणि मग धुके. तेथे सहसा पुरी जोडीच बदलतात. अॅक्रिलिकचे तावदान मात्र पुन्हा जोडता येते. पण त्याच्या स्वभावाला धरून.

तो स्वभाव मला ठाऊक नव्हता. घरी आल्यावर मी मोठ्या उत्साहाने कामाला लागलो, आणि एकामागून एक तीन चुका केल्या. पहिली चूक म्हणजे काठ स्वच्छ करण्यासाठी स्पिरिट वापरले. दुसऱ्या दिवशी काठाशी केसासारख्या बारीक रेघांचे जाळे दिसले. ताणाखाली असलेल्या अॅक्रिलिकला स्पिरिट, थिनर, पेट्रोल, अमोनिया असलेले काच पुसण्याचे पाणी, यांपैकी काहीही लागले की त्यास असे तडे जातात. दुसरी चूक म्हणजे फटीत सिलिकॉन भरले. ते अॅक्रिलिकला नीट धरीत नाही, आणि जेथे ते एकदा लागले तेथे पुढे दुसरे काहीच धरीत नाही. तिसरी चूक सर्वांत मोठी. ओल आत असतानाच मी फट बंद केली. म्हणजे चोराला घरात ठेवून बाहेरून कडी लावली. आठ दिवसांत तावदान पूर्वीपेक्षा अधिक पांढरे झाले आणि काठ पुन्हा सुटला.

शेवटी मी खिडकी काढून नांदेडला एका कारागिराकडे नेली. ते दुकानांच्या पाट्या आणि शाळांच्या बक्षिसांची सन्मानचिन्हे अॅक्रिलिकची करतात. त्यांनी तावदान उजेडाकडे धरून बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "गुरुजी, तुम्ही काच समजून याला हात लावलात. ही काच नव्हे." मग त्यांनी मला जे शिकविले ते सविस्तर सांगतो.

खिडकी गाडीवरून उतरविताना दोन माणसे असावीत. ती वरच्या बिजागरीच्या खोबणीत अडकवलेली असते व अडणीचे स्क्रू काढल्यावर एका बाजूला सरकवून निघते. नंतर काठ किती सुटला आहे हे पाहण्यासाठी जाड कागदाची पट्टी फटीत सरकवावी आणि जेथे ती अडेल तेथे खूण करावी. दिसते त्यापेक्षा सुटलेला भाग नेहमी अधिक निघतो. जुने चिकटद्रव्य पोलादी पात्याने खरवडू नये. बांबूची कामटी धार करून घ्यावी. ती प्लॅस्टिकवर ओरखडा काढीत नाही. सिलिकॉन तर कणभरही राहता कामा नये. माझे पाप खरवडावयास आम्हाला अर्धा दिवस लागला.

आतील डाग काढण्यासाठी कोमट पाणी व सौम्य साबण एवढेच घ्यावे. शेवटचे पाणी बोअरचे नसावे. आमच्याकडील जड पाणी वाळले की चुन्याचा पांढरा थर मागे ठेवते. मोटारीच्या बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी वापरावे, फटीची बाजू खाली करून निथळू द्यावे, आणि मग वाळवण्याचे काम सुरू करावे. येथेच माणसाचा धीर सुटतो. विस्तवाजवळ धरू नये, गरम हवेचे यंत्र लावू नये. शंभर अंशांच्या आसपास अॅक्रिलिक मऊ पडते, आणि त्यापूर्वीच त्याचा आकार बिघडू लागतो. आम्ही मासे पाळणाऱ्यांचा लहान हवेचा पंप घेतला, त्याची हवा सिलिका जेलच्या दाण्यांनी भरलेल्या बाटलीतून नेली आणि बारीक नळीने तावदानात सोडली. एक दिवस आणि एक रात्र पंप चालला. दाण्यांचा रंग पालटला की ते भट्टीत तापवून पुन्हा वापरता येतात.

तावदान कोरडे झाले की नाही याची परीक्षा सोपी आहे. पितळी वाटीत बर्फ घालून ती बाहेरून तावदानावर पाच मिनिटे टेकवावी. आत त्या जागी वाटीच्या बुडाएवढे धुके उमटले तर पंप पुन्हा लावावा. आमच्या तावदानावर पहिल्या सकाळी ते उमटले. दुसऱ्या सकाळी उमटले नाही.

आता जोडणे. बाजारात मिळणारा झटपट गोंद येथे उपयोगी नाही. तो ठिसूळ असतो आणि त्याच्या वाफेने आजूबाजूला पांढरी झाक येते. पाट्यांचे कारागीर क्लोरोफॉर्मासारखे विद्रावक वापरतात. ते अॅक्रिलिकचा पृष्ठभाग क्षणभर विरघळविते आणि ते उडून गेल्यावर दोन्ही तक्ते एकजीव होतात. मात्र काठ जबरदस्तीने दाबून धरला असता विद्रावक सोडले तर स्पिरिटासारखेच तडे जातात. म्हणून अगोदर दोन दिवस तावदान सपाट फळीवर ठेवून काठावर कापड गुंडाळलेल्या लाकडी पट्ट्या व हलके शिकंजे लावावेत, आणि काठाला आपल्या जागी परत येऊ द्यावे. जेथे काठ नीट बसला तेथे पातळ विद्रावक इंजेक्शनच्या सुईने सोडावे. ते आपोआप फटीत ओढले जाते. जेथे थोडी पोकळी राहिली तेथे अॅक्रिलिकचा चुरा त्यातच विरघळवून केलेला घट्ट पाक भरावा. हे काम उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून, हातमोजे घालून करावे. ही वाफ डोके फिरविते व यकृताला अपाय करते, आणि ज्वालेजवळ गेली तर विषारी वायू होतो. घरात लहान मुले असतील तर हे काम कारागिराकडेच सोपवावे, हा माझा आग्रहाचा सल्ला आहे.

सांधा एक पुरा दिवस हलवू नये. शेवटी काठाच्या कोपऱ्यात बारीक छिद्र सावकाश गिरमिटाने पाडून त्यास रबरी बूच बसवावे, म्हणजे पुढे कधी ओल आलीच तर काठ न उचकटता तावदान वाळविता येते. बूच लावण्याची वेळही निवडावी लागते. दुपारच्या उन्हात लावले तर रात्री तावदान आत खेचले जाईल. पहाटेच्या गारव्यात लावले तर दुपारी फुगेल. आम्ही फेब्रुवारीतील एका सकाळी नऊच्या सुमारास, हवा कोरडी व मध्यम उबेची असताना ते लावले. पावसाळ्यात हे काम काढणेच व्यर्थ.

प्रत्येक तावदान दुरुस्त करावे असेही नाही. तडा आरपार गेला असेल, बिजागरीचा काठ फाटला असेल, किंवा संकटकाळी बाहेर पडावयाची ती खिडकी असेल, तर काटकसर बाजूला ठेवून नवे तावदान बसवावे. सुटलेला बाहेरचा तक्ता वेगाच्या वाऱ्याने उडून मागून येणाऱ्याच्या अंगावर जाऊ शकतो. काठ सुटल्याचे वाटेत ध्यानी आले तर चिकटपट्टी लावून सावकाश घरी यावे. ती पट्टी घरापर्यंतच्या वाटेपुरती. तिला दुरुस्ती समजू नये. नांदेडच्या अलीकडे मी हेही केले नव्हते, याची आठवण झाली की आजही अंगावर काटा येतो.

आमच्या तावदानावर स्पिरिटाच्या रेघांचे जाळे एका कोपऱ्यात राहिले आहे, ते जाणार नाही. बाकी तावदान स्वच्छ आहे. बूच लावल्यानंतरच्या आठवड्यात आईला घेऊन आम्ही पहाटेच बाभळीच्या बंधाऱ्याकडे निघालो. पावसाळ्यात उघडी ठेवलेली दारे ऑक्टोबरअखेर मिटली म्हणजे तेथे पात्र भरलेले दिसते. हवेत गारवा होता. मी पुढे बसून मुद्दामच काही बोललो नाही. गाडी थांबली. पाण्यावर ऊन नुकतेच आले होते. बऱ्याच वेळाने मागून आई म्हणाली, "त्या पलीकडच्या अंगाला आधी मळई होती. खरबुजं लावायचे लोक. ती बुडाली वाटतं."

मी मागे वळून पाहिले. ती माझ्याकडे पाहत नव्हती. तिचे डोळे पलीकडच्या तीरावर होते, आणि ती मळई कोठून कोठपर्यंत होती हे ती बोटाने तावदानावर रेघ ओढून मला दाखवीत होती. बोटाचा ठसा तावदानावर उमटला. तो आतल्या बाजूला होता, पुसता येण्यासारखा. मी अजून पुसलेला नाही.

उगमापासूनचा प्रवास आता पुन्हा करावयाचा आहे. येत्या हिवाळ्यात, प्रकृतीने साथ दिली तर.